तुच्छता आणि संशय: अतिउजव्या ऑनलाइन माध्यमांतील वंशद्वेष आणि ज्यूद्वेष

२७ ऑक्टोबर २०१८. शनिवार, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक प्रार्थनेचा दिवस. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात 'ट्री ऑफ लाइफ' या सिनेगॉगमध्ये सकाळी लोक जमत होते. एका माणसाने 'गॅब' नावाच्या समाजमाध्यमावर दोन-चार ओळी टाकल्या आणि बंदुका घेऊन तो आत शिरला. अकरा जण मारले गेले. त्या ओळींतला राग 'हायस' या संस्थेवर होता. हायस ही ज्यूंची जुनी संस्था. रशियातून जीव मुठीत धरून आलेल्या ज्यूंना आधार द्यायला ती उभी राहिली आणि आता कोणत्याही धर्माच्या निर्वासितांना मदत करते. त्या आठवड्यांत मध्य अमेरिकेतून स्थलांतरितांचा एक मोठा जथा अमेरिकेच्या सीमेकडे निघाला होता. हल्लेखोराच्या लेखी ते 'आक्रमक' होते आणि त्यांना घरात घेणारे ज्यू होते. म्हणजे राग सावळ्या वर्णाच्या स्थलांतरितांचा आणि गोळ्या म्हाताऱ्या ज्यूंवर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बाहेरून पाहणाऱ्याला हा वेडाचार वाटतो. पण त्याच्यामागे एक पक्के तर्कशास्त्र आहे. ते शंभर वर्षांहून जुने आहे, आणि गेल्या चाळीस वर्षांत संगणकाच्या पडद्यावर ते पुन्हा रुजवले गेले आहे. त्या तर्कशास्त्राचा, ते पसरवणाऱ्या माध्यमांचा आणि त्यावरच्या उपायांचा हा आढावा.

दोन द्वेष, एक गाडी

वंशद्वेष आणि ज्यूद्वेष हे आपण एकाच पिशवीत टाकतो. पण त्यांची नजर वेगळी असते. वंशद्वेष खाली पाहतो. काळे लोक, स्थलांतरित, मुसलमान हे कमी बुद्धीचे, हिंस्र, अस्वच्छ, असे तो सांगतो. ज्यूद्वेष वर पाहतो. ज्यू फार हुशार, फार श्रीमंत, फार संघटित. बँका, वर्तमानपत्रे, सिनेमा, सरकारे हे सगळे ते पडद्याआडून चालवतात, असे त्याचे म्हणणे. पहिल्यात तुच्छता असते, दुसऱ्यात संशय.

श्वेतवर्चस्ववाद्यांना दोन्ही लागतात. गोरा माणूस जन्मानेच श्रेष्ठ असेल, तर काळ्यांनी नागरी हक्कांचा लढा जिंकला कसा? काळा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला कसा? ज्यांना आपण हीन म्हणतो त्यांनीच आपल्याला हरवले, हे मान्य करणे म्हणजे सगळा सिद्धान्तच बुडवणे. मग एक बोलविता धनी शोधावा लागतो. काळे आणि स्थलांतरित ही नुसती प्यादी, पट हलवणारा हात ज्यूंचा, असे एकदा ठरले की अहंकारही शाबूत राहतो आणि पराभवाचे कारणही मिळते. एरिक वॉर्ड या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने २०१७ साली एका दीर्घ लेखात हेच मांडले. श्वेत राष्ट्रवाद्यांच्या सभा-संमेलनांत वर्षानुवर्षे जाऊन, त्यांचे ऐकून त्याने निष्कर्ष काढला होता की ज्यूद्वेष हा या विचाराचा गाभाच आहे.

रनो कामू या फ्रेंच लेखकाने २०११ मध्ये 'महाबदली'ची कल्पना पुस्तकरूपाने मांडली: युरोपातल्या मूळ लोकांच्या जागी बाहेरचे लोक आणून बसवले जात आहेत. हे कोण करते आहे, याबाबत तो बराच मोघम होता. ती मोकळी जागा इतरांनी भरली. ऑगस्ट २०१७ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल गावात मशाली घेऊन निघालेल्या तरुणांनी 'ज्यू आमची जागा घेणार नाहीत' अशा घोषणा दिल्या, तेव्हा मोर्चाचे निमित्त होते गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा वाचवण्याचे. पुतळ्याशी ज्यूंचा संबंध काय, असा प्रश्न त्या तरुणांपैकी कुणाला पडला नाही.

छापखान्यापासून मोडेमपर्यंत

या संशयाचा मूळ ग्रंथ बनावट आहे. 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन' हे ज्यू म्होरक्यांच्या गुप्त बैठकांचे म्हणून सांगितले जाणारे टिपण १९०३ साली रशियातल्या एका वर्तमानपत्रात छापले गेले. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'चा बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज याने ओळी शेजारी-शेजारी ठेवून दाखवून दिले की त्यातला बराच मजकूर मोरिस जोली या फ्रेंच वकिलाने १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनविरुद्ध लिहिलेल्या उपहासग्रंथातून चोरलेला आहे. जोलीच्या पुस्तकात ज्यूंचा कट मुळी नव्हताच. चोरी उघडी पडली, तरी पुस्तक थांबले नाही. अमेरिकेत मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याने १९२० पासून आपल्या साप्ताहिकातून हाच माल लेखमालेने खपवला, आणि ते साप्ताहिक त्याच्या मोटारविक्रेत्यांमार्फत गावोगाव पोचत होते. १९२७ मध्ये त्याने माफी मागितली. १९३८ मध्ये फादर कॉफलिन या लोकप्रिय रेडिओ-धर्मोपदेशकाने आपल्या नियतकालिकात तोच मजकूर पुन्हा छापला.

ही माणसे नव्या माध्यमात नेहमीच लवकर शिरली. छापखाना, रेडिओ, आणि मग संगणक. १९८४ च्या सुमारास, घराघरांत इंटरनेट येण्याच्या दहा वर्षे आधी, कू क्लक्स क्लॅन या श्वेतवर्चस्ववादी संघटनेचा एक जुना पुढारी लुई बीम याने टेलिफोनच्या तारांवरून चालणारे 'लिबर्टी नेट' उभे केले. कॅनडाच्या कायद्याने सीमेवर अडवली जाणारी द्वेषपत्रके मोडेममधून बिनबोभाट पलीकडे जाऊ लागली. कायद्याच्या हद्दीबाहेर सर्व्हर ठेवून त्यालाच वाकुल्या दाखवायची रीत तेव्हापासूनची.

१९९५ मध्ये डॉन ब्लॅक याने 'स्टॉर्मफ्रंट' सुरू केले. हाही क्लॅनचाच माणूस. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका या चिमुकल्या बेटावर भाडोत्री टोळी घेऊन चढाई करण्याच्या कटात १९८१ साली तो पकडला गेला होता. तुरुंगात त्याने संगणक शिकून घेतला. बाहेर आल्यावर त्याने उभारलेले हे संकेतस्थळ पुढची वीस वर्षे जगभरच्या श्वेतवर्चस्ववाद्यांचा चावडीकट्टा होते. त्यात लहान मुलांसाठीही एक विभाग होता.

वेष, विनोद आणि स्पर्धा

विचार जुनाच. मग ऑनलाइन माध्यमांनी त्यात काय भर घातली? मुख्यतः तीन गोष्टी.

पहिली, वेषांतर. स्टॉर्मफ्रंटच्याच लोकांनी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने एक संकेतस्थळ काढले होते. वरवर पाहता ते शाळकरी मुलांना निबंधाला मदत करणारे वाटे. आत किंग यांची बदनामी. समाजशास्त्रज्ञ जेसी डॅनियल्स यांनी अशा बुरखाधारी संकेतस्थळांचा अभ्यास करून दाखवले की तरुण वाचकांना ती खरी की खोटी हे सहज ओळखता येत नाही. याची किंमत पुढे दिसली. जून २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात एका तरुणाने काळ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना ठार केले. आपले डोळे कसे 'उघडले' हे त्याने लिहून ठेवले होते: काळ्यांनी गोऱ्यांवर केलेल्या गुन्ह्यांबद्दल त्याने इंटरनेटवर शोध घेतला, आणि पहिल्यांदा हाती लागले ते एका वर्णद्वेष्ट्या संघटनेचे पान. नाव सभ्य होते: 'कौन्सिल ऑफ कॉन्झर्व्हेटिव्ह सिटिझन्स'. ग्रंथालयात त्याने हाच प्रश्न विचारला असता तर समोर निदान एक ग्रंथपाल असता.

दुसरी, विनोद. 'डेली स्टॉर्मर' हे २०१३ मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ. नावच नाझींच्या 'डेअर श्टुर्मर'वरून घेतलेले. त्या पत्राचा संपादक युलियस श्ट्रायखर याला न्यूरेंबर्ग खटल्यानंतर १९४६ मध्ये फाशी झाली होती. २०१७ मध्ये 'डेली स्टॉर्मर'च्या लेखकांसाठी काढलेली लेखनपुस्तिका बाहेर फुटली, आणि या माध्यमाचे सगळे आतडे उघडे पडले. नवख्या वाचकाला आपण गंमत करतो आहोत की गंभीर आहोत हे कळता कामा नये, असे त्यात लिहिले होते. त्याहून महत्त्वाची सूचना अशी, की शत्रू अनेक दाखवले तर लोक गोंधळतात, म्हणून शेवटी प्रत्येक गोष्टीचे खापर ज्यूंवरच फुटले पाहिजे. वर सांगितलेले तर्कशास्त्र इथे कार्यालयीन नियम होऊन आले होते.

विनोदाचा उपयोग दुहेरी. हसणारा सामील होतो आणि रागावणारा 'गंमतही न कळणारा' ठरतो. मॅट फ्युरी या चित्रकाराने २००५ मध्ये काढलेला पेपे नावाचा निरुपद्रवी बेडूक असाच पळवला गेला. २०१६ मध्ये ज्यूंच्या 'अँटी-डिफेमेशन लीग'ने द्वेषचिन्हांच्या यादीत त्याची नोंद केली. त्याच वर्षी ज्यू नावांभोवती तिहेरी कंस घालण्याची खूण पसरली. ते कंस आपोआप घालणारे एक साधनही ब्राउझरसाठी निघाले होते; बोभाटा झाल्यावर गूगलने ते काढून टाकले. तिहेरी कंस म्हणजे नाझींनी ज्यूंना छातीवर लावायला लावलेला पिवळा तारा, फक्त कळफलकावरचा.

तिसरी गोष्ट सर्वांत भयंकर: स्पर्धा. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात दोन मशिदींवर हल्ला झाला आणि ५१ माणसे मारली गेली. त्यांत भारतीयही होते. हल्लेखोराने डोक्याला कॅमेरा बांधला होता आणि फेसबुकवरून थेट प्रक्षेपण चालवले होते. थेट पाहणारे दोनशेहूनही कमी होते. पण पुढच्या २४ तासांत फेसबुकला त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती अडवाव्या किंवा काढाव्या लागल्या. हल्ला प्रेक्षकांसाठी होता आणि प्रेक्षकांनीच तो पसरवला. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी त्या माणसाचे नाव कधीही उच्चारणार नाही असे संसदेत सांगितले. या लेखातही एकाही हल्लेखोराचे नाव नाही ते त्यासाठीच. कारण 'फोरचॅन', 'एटचॅन' यांसारख्या निनावी चित्रफलकांवर अशांची नावे संतांसारखी घेतली जातात आणि बळींचा आकडा खेळातल्या गुणांसारखा मोजला जातो.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या पोवे गावच्या सिनेगॉगवर आणि टेक्ससमधल्या एल पासो शहरातल्या दुकानावर हल्ले झाले. दोन्ही हल्लेखोरांनी आधी एटचॅनवर आपले लिखाण टाकले होते. एल पासोत २३ जण गेले. ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या हाले शहरात, योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, एकाने सिनेगॉगचे लाकडी दार फोडायचा प्रयत्न केला. दार टिकले. मग त्याने रस्त्यावरच्या एका बाईला आणि जवळच्या कबाबच्या दुकानात एका तरुणाला मारले. सिनेगॉग नाही तर कबाबचे दुकान: दोन्ही द्वेष एकाच यादीत कसे असतात याचा याहून उघड पुरावा नाही. आणि जर्मनीत, जर्मन माणूस, कॅमेऱ्यासमोर बोलत होता इंग्रजीत. त्याचे 'गाववाले' दुसरीकडे होते. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात काळ्या वस्तीतल्या किराणा बाजारात दहा जणांना मारणाऱ्या तरुणानेही, महामारीच्या काळात कंटाळा आला म्हणून आपण फोरचॅनवर गेलो, असे लिहून ठेवले होते. मारले काळ्यांना, पण लिखाणात पानेच्या पाने ज्यूंवर.

अभ्यासक काय म्हणतात

२०१८ च्या सुमारास एक समज पक्का झाला होता: यूट्यूबची शिफारस-यंत्रणा साध्या प्रेक्षकाला हळूहळू अतिरेकाकडे ओढते. कुतूहलाने एक चित्रफीत पाहावी, त्यापुढे आणखी कडक, त्यापुढे आणखी. ३ लाख ३० हजारांहून अधिक चित्रफिती तपासणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की सौम्य वाहिन्यांवर प्रतिक्रिया लिहिणारे बरेच लोक पुढे जहाल वाहिन्यांवर सापडतात. म्हणजे प्रवास होतो. पण तो यंत्रणेने घडवला का? २०१९ मध्ये यूट्यूबने नियम बदलल्यानंतर झालेल्या अमेरिकी पाहणीत वेगळे चित्र निघाले. जहाल चित्रफिती पाहणारे थोडे, त्यांच्या मनात आधीपासूनच वर्णाबद्दल वा स्त्रियांबद्दल चीड असलेले, आणि ते बहुधा स्वतःहून वर्गणीदार झालेले किंवा बाहेरच्या दुव्यावरून आलेले. यंत्राला निर्दोष ठरवायचे कारण नाही. पण सगळे पाप यंत्राच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नाही. मागणी आधीच होती, यंत्राने दुकान जवळ आणले.

दुसरा वाद बंदीचा. बंदी घातली तर ते दुसरीकडे जातात, मग उपयोग काय, असे नेहमी विचारले जाते. 'रेडिट'ने २०१५ मध्ये दोन द्वेषगट बंद केले. अभ्यासकांनी मागोवा घेतला तेव्हा बरेच सदस्य निघून गेले होते, आणि जे राहिले त्यांच्या द्वेषपूर्ण भाषेत किमान ८० टक्के घट झाली होती. नंतरच्या दुसऱ्या अभ्यासात असेही दिसले की बाहेर जाऊन स्वतःचे घर मांडणारे गट संख्येने रोडावतात, पण उरलेल्यांची भाषा अधिक विखारी होते. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचायला हवेत. बंदीने रोग आटोक्यात येतो. बरा होत नाही. टेलिग्रामवरच्या 'टेररग्राम' नावाच्या जाळ्यात असेच कडवे उरलेले लोक हल्ल्यांच्या पुस्तिका वाटत होते. ब्रिटनने २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली, आणि अमेरिकेने २०२५ च्या जानेवारीत त्याला दहशतवादी ठरवले.

आणि आता कडेचे मध्यावर येऊ लागले आहे. इलॉन मस्क यांनी २०२२ मध्ये ट्विटर विकत घेतल्यावर बंदी असलेली कितीतरी खाती परत आली. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी स्वतःच एका ज्यूद्वेष्ट्या मजकुराला सत्य म्हणून मान डोलावली, तेव्हा मोठे जाहिरातदार निघून गेले. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या कंपनीचा 'ग्रोक' हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा संभाषक हिटलरची स्तुती करू लागला. कंपनीला माफी मागावी लागली. जे शिकायला एकेकाळी स्टॉर्मफ्रंटचा दरवाजा शोधावा लागे, ते आता विचारल्यावर यंत्रच सांगू लागले होते.

कायदा कुठे थांबतो

अमेरिकेत १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालाने तातडीची हिंसा भडकवणारे नसेल तर द्वेषपूर्ण भाषणही घटनेच्या संरक्षणाखाली आणले, आणि तो खटला क्लॅनच्याच पुढाऱ्याचा होता. १९९६ च्या एका कायद्याने वापरकर्त्यांच्या मजकुराची जबाबदारीही कंपन्यांवरून काढून घेतली. जर्मनी दुसऱ्या टोकाला. तिथे नाझी संहार नाकारणे गुन्हा आहे, आणि २०१७ च्या कायद्याने उघडउघड बेकायदा मजकूर २४ तासांत न हटवणाऱ्या कंपन्यांना ५ कोटी युरोपर्यंत दंडाची तरतूद केली. पुढे युरोपीय संघाचा व्यापक कायदा आला. अडचण ठरलेली: मजकुराचा जन्म अमेरिकेत, वाचक जर्मनीत, सर्व्हर तिसरीकडेच. क्राइस्टचर्चनंतर झालेल्या आंतरराष्ट्रीय आवाहनात भारत सुरुवातीपासून सामील झाला; अमेरिका दोन वर्षांनी आली. अमेरिकेत खरे ओरखडे काढले ते दिवाणी खटल्यांनी. शार्लट्सव्हिलच्या आयोजकांवर २०२१ मध्ये ज्यूरीने अडीच कोटी डॉलरहून अधिक भरपाई बसवली, आणि पुराव्यात होते त्यांचेच खासगी गप्पाफलक.

इथे एक भेद नीट ठेवायला हवा. इस्रायल सरकारच्या धोरणावरची टीका म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. ही रेषा नेमकी कुठे, यावर ज्यू अभ्यासकांतही मतभेद आहेत. ज्यूद्वेष फक्त अतिउजव्यांकडेच असतो असेही नाही. मुंबईत २००८ साली नरिमन हाउसमध्ये ज्यू मारले गेले ते जिहादी दहशतवाद्यांकडून. पण गाझाच्या युद्धानंतर अतिउजव्यांनी पॅलेस्टिनी दुःखाचा आधार घेऊन आपला जुना माल नव्या गिऱ्हाइकांना विकायला काढला आहे. एखादे वाक्य सरकारबद्दल बोलते की रक्ताबद्दल, एवढे तपासले तरी पुष्कळ उलगडते.

आपला संबंध

महाराष्ट्राला ज्यू परके नाहीत. रायगडच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे 'शनवार तेली' म्हणजे आपलेच बेने इस्रायल. आडनावे गावांवरून, घरातली भाषा मराठी. आज त्यांतले बहुतेक इस्रायलमध्ये असले तरी मराठी सुटलेली नाही. या मातीत ज्यूंचा छळ झाला नाही, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण हिटलरचे आत्मचरित्र आपल्या पदपथांवर यशाचा मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी विकले जाते, आणि २००६ मध्ये खारघरला एका उपाहारगृहाला त्याचे नाव दिले गेले होते. ज्यू समाजाच्या विरोधानंतर ते बदलले. आपला गुन्हा द्वेषाचा नसेल. बेफिकिरीचा नक्कीच आहे.

ती बेफिकिरी आता परवडणारी नाही. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात नवनाझी संगीतवर्तुळात वावरणाऱ्या माणसाने गोळीबार केला, तेव्हा सहा जण जागीच गेले आणि एक जखमी आठ वर्षांनी. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय वंशाच्या श्रीराम कृष्णन यांची अमेरिकी प्रशासनातली नेमणूक जाहीर झाली आणि एच-१बी व्हिसावरून एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, भारतीयांविरुद्ध शिव्यांची लाट आली. तिची भाषा लक्ष देऊन वाचावी. एका वाक्यात भारतीय घाणेरडे, दुसऱ्यात सगळ्या कंपन्या गुपचूप ताब्यात घेणारे, फक्त आपल्याच माणसांना नोकऱ्या देणारे. तुच्छताही आणि संशयही, एकाच समाजावर. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये मुलगा-सून असलेल्या मराठी घरांना हे दूरचे राहिलेले नाही. ज्यूंसाठी शिवलेला अंगरखा आता आपल्या मापाने बेतला जातो आहे.

बाहेर पडता येते का? स्टॉर्मफ्रंटच्या डॉन ब्लॅकचे अपत्य, डेरेक ब्लॅक, या चळवळीचे वारस मानले जात. मुलांचा तो विभाग त्यांनीच लहानपणी बनवला होता. फ्लोरिडातल्या महाविद्यालयात त्यांची ओळख उघड झाली, तेव्हा बहुतेकांनी तोंड फिरवले; एका ज्यू विद्यार्थ्याने मात्र शुक्रवारच्या शब्बाथच्या जेवणाला बोलावले, आणि पुन्हा पुन्हा बोलावत राहिला. एका मैत्रिणीने आकडेवारी घेऊन चिकाटीने वाद घातला. २०१३ मध्ये डेरेक यांनी जाहीर पत्र लिहून चळवळ सोडली. जेवणाचे ताट आणि वादाची चिकाटी, दोन्ही लागले. पण एकेका माणसासाठी दोन-दोन वर्षे लागत असतील, तर भरतीच्या वेगाला हा वेग पुरणार नाही, हेही मान्य करावे लागते.

फिलिप ग्रेव्ह्जने खोटेपणा सिद्ध केल्याला शंभर वर्षे उलटून गेली आणि ते पुस्तक अजून विकले जाते. म्हणून केवळ सत्य उघड केल्याने हे थांबेल अशी आशा धरू नये. कायदा, कंपन्यांवरचा दाब, बंदी हे सगळे हवेच. पण त्याआधी वाचकाला ओळख पटायला हवी. पुढच्या वेळी कुटुंबाच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एखादा मजकूर येईल, ज्यात एक समाज हलकाही असेल आणि आपल्यावर गुपचूप राज्यही करत असेल. समाजाचे नाव कोणतेही असो, तो पुढे पाठवू नका.